घरचा कर्ता गेला, फी थकली? कॉलेज सोडण्याआधी हे पाहा

घरचा कमावता माणूस अचानक गेला की मुलांच्या कॉलेजची फी थकते. राज्य सरकारच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांना त्या राज्याचा रहिवासी दाखला लागतो. त्यामुळे बेळगावचा मुलगा कोल्हापुरात शिकत असेल तर अडचण आणखी वाढते. पण काही मदतीला राज्याची सीमा आड येत नाही.

कॉलेज : प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा, मृत्यूचा दाखला जोडावा, पोच घ्यावी. फीचे हप्ते, विद्यार्थी सहाय्य निधी आणि 'कमवा व शिका' योजना यांची चौकशी करावी.

पासबुक : गेलेल्या माणसाच्या खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापले जात असतील तर तो बहुधा जीवन ज्योती विमा असतो. मृत्यू कशानेही झाला तरी वारसाला २ लाख मिळतात. २० रुपये कापले असतील तर सुरक्षा विमा. त्यात अपघाती मृत्यूला २ लाख. बऱ्याच घरांना हे माहीतच नसतं. दावा त्याच बँकेत लवकर करावा.

तहसील कार्यालय : दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता गेल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून केंद्राचे २० हजार रुपये एकरकमी मिळतात.

कर्ज : पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, यादीतल्या संस्थांसाठी, तारण आणि जामीनदार लागत नाही.

तोवर टीसी काढायची घाई नको. नाव कमी झालं की चालू शिष्यवृत्तीही हातची जाते.