टेम्पोवरचा हिच होइस्ट: किती किलो उचलतो, ते अंतर ठरवतं

डोंबिवली एमआयडीसी असो की ठाण्याचं वागळे इस्टेट, ‘छोटा हत्ती’त जड मोटर चढवायची तर चार माणसं लागतात. हिच होइस्ट म्हणजे त्याला पर्याय असलेली छोटी क्रेन. गाडीच्या मागे चासीला चौकोनी पाईपची खोबण बोल्ट करतात, तिलाच हिच म्हणतात. त्यात उभा खांब, त्यावर फिरणारा आडवा हात आणि उचलायला चेन पुली.

आता गणित बघा. खांबापासून अर्ध्या मीटरवर २०० किलो लटकवले, तर खांबाच्या बुडाशी १०० किलो-मीटरचा वाकवणारा जोर येतो. एक मीटरवर तोच २०० होतो. वजन तेच, जोर दुप्पट! लांब पान्याने नट पटकन सुटतो ना, तसंच.

म्हणून हात गरजेपुरताच लांब ठेवा. खांब पत्र्याला नाही, चासीला जोडा. माल बाजूला फिरवला की गाडी कलते, म्हणून खाली टेकू द्या. लटकत्या मालाखाली कोणीही थांबू नका.

आणि वेल्डिंगआधी ठाणे किंवा कल्याण आरटीओत विचारा: आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार चालत नाही.