कसा, बटवा आणि पाकीट



मुलाला नोकरी लागली, जावई पहिल्या दिवाळसणाला आला, शाळेतले गुरुजी निवृत्त झाले, की घरात एक प्रश्न हमखास निघतो. पुरुषमाणसाला द्यायचे तरी काय? बाईमाणसाला लुगडे आहे, चोळीचा खण आहे. पुरुषाच्या बाबतीत टोपी-उपरण्याचे दिवस मागे पडले. मग हिंडूनफिरून बोट जाते ते चामड्याच्या पाकिटावर. पन्नास दुकानांत पन्नास तऱ्हा. आपण घेतो, कागदात गुंडाळतो, देतो. पण हे पाकीट आपल्याकडे आले कधी आणि ते कोणाच्या हातून तयार होते, हे आपण सहसा विचारीत नाही. आज त्याचीच हकिकत सांगायची आहे.

आपल्या खापरपणजोबांकडे पाकीट नव्हते. याचे कारण गरिबी, असे मात्र समजू नका. सावकाराकडेही ते नव्हते. त्यांच्याकडे होता कसा. कसा म्हणजे कापडाची लांबट, अरुंद पिशवी. तीत नाणी भरायची आणि ती कमरेला गुंडाळून वर धोतराचा पीळ घालायचा. किरकोळ पैसे कनवटीला. बायकांचा आणि म्हाताऱ्या माणसांचा बटवा, दोरी ओढली की तोंड मिटणारा. पानसुपारीची चंची वेगळी. अंगरख्याला आजच्यासारखे खिसे नसत. गंमत अशी की खिसा हा शब्द फारसीतल्या ‘कीसा’वरून आला आणि त्याचा मूळ अर्थच थैली. आधी थैली माणसाच्या अंगावर लोंबत होती, पुढे शिंप्याने ती कपड्यालाच शिवून टाकली, एवढेच. राजेरजवाड्यांची पत्रे ज्या रेशमी पिशवीतून जात तिला खलिता म्हणत. आपण आता आतल्या पत्रालाच खलिता म्हणतो. पाकीट या शब्दाचे मात्र उलटे झाले. तो इंग्रजीतून आला तो टपालाचे पाकीट म्हणून आणि मग पैशाच्या घडीलाही चिकटला.

कमरेला कसा का बांधावा लागे, हे समजायला थोडा हिशेब केला पाहिजे. शिक्षक बंधुभगिनींनी तो वर्गात मुलांकडून जरूर करून घ्यावा. १८३५ साली कंपनी सरकारने सबंध मुलखासाठी एकच रुपया ठरविला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. ऐंशी तोळ्यांचा शेर. तेव्हा ऐंशी रुपये म्हणजे एक शेर वजन, आजच्या मापाने सुमारे ९३३ ग्रॅम! बैलजोडी घ्यायला बाजारात निघालेला शेतकरी कमरेला एक-दोन शेर चांदी बांधून चालत असे. वाटेत चोराचे भय, ओढ्यात पडण्याचे भय. आणि पैसे मोजून घेताना प्रत्येक रुपया दगडावर वाजवून बघायचा. ‘वाजवून घेणे’, ‘खणखणीत’ हे आपल्या तोंडातले शब्द त्या चांदीच्या आवाजाचेच.

थैली ही देण्याचीही वस्तू होती, बरं का. १९१६ साली लोकमान्य टिळकांना साठ वर्षे पूर्ण झाली, तेव्हा पुण्यात लोकांनी त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण केली आणि त्यांनी ती देशकार्याला दिली. मुलांना विचारा, हे लाख रुपये चांदीत दिले असते तर वजन किती? बाराशे पन्नास शेर, म्हणजे सव्वाएकतीस मण. बैलगाडीचाच विषय! थैली हा शब्द तेव्हाच मानाचा शब्द होऊन बसला होता. आत बहुतेक कागदच चालायचा.

तो कागद आला १८६१ च्या कायद्याने. त्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला. पण खेड्यातला माणूस नोटेला बराच काळ बिचकून होता आणि त्याचे चुकत नव्हते. देशाचे चलनासाठी विभाग पाडलेले असत आणि मुंबई विभागाची नोट दुसऱ्या विभागात हक्काने चालत नसे. शिवाय नोटा मोठ्या रकमांच्या. व्यापारी तर नोट मधोमध कापून अर्धी टपालाने धाडीत, ती पोचल्याचे कळले की मग उरलेली अर्धी. १९०३ मध्ये पाच रुपयांची नोट ब्रह्मदेश वगळून सर्वत्र चालू झाली. १९१० मध्ये दहाची, १९११ मध्ये शंभराची. त्यातच पहिले महायुद्ध आले, चांदी भडकली, रुपये पाडणे परवडेना. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट निघाली आणि कागद अगदी गरिबाच्या हातात गेला.

आता कागद कमरेला बांधून चालत नाही. घामाने भिजतो, चुरगळतो, फाटतो. त्याला सपाट, घडीचे, ओल सहसा आत न घेणारे घर पाहिजे. कोट आला, सदऱ्याला खिसा आला, बंडीला चोरखिसा आला आणि त्यांत चामड्याचे पाकीट जाऊन बसले. कसा गेला तो नोटेमुळे गेला.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. चामडे आपल्या समाजाने विटाळाचे मानले होते. मेलेले जनावर ओढायचे महाराने, कातडे कमवायचे ढोराने, जोडा शिवायचा चांभाराने. आणि या तिघांनी राहायचे गावाबाहेर. विहिरीवरची मोट चामड्याची चाले, तिच्या पाण्यावर मळा पिके. पण ती शिवणाऱ्याचा हात चालत नसे. नोटेचे पाकीट आले आणि ज्या लक्ष्मीची पूजा सोवळ्यात व्हायची, ती चामड्यात घालून लोकांनी छातीशी धरली. पाकिटाला विटाळ राहिला नाही. करणाऱ्याचा मात्र राहिला, तो फार वर्षे. १९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता कायद्याने संपविली. मनातून ती कुठे कुठे संपली, याचे उत्तर ज्याच्या त्याच्या गावाला ठाऊक आहे.

आपली भाषा या बाबतीत आपल्यापेक्षा न्यायी निघाली. पैसा ‘कमावतात’ आणि चामडेही ‘कमावतात’. दोन्हीला शब्द एकच. कातडे कमावणे ही काय मेहनत आहे ते पाहा. कच्चे कातडे दोन-चार दिवसांत कुजते. ते चुन्याच्या पाण्यात मुरवायचे, केस आणि मांस खरवडून काढायचे, चुना धुऊन काढायचा. मग बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा यांचे पाणी. गावठी पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवून, तिच्यात साल आणि पाणी भरून ती टांगून ठेवतात. पाणी झिरपत राहते, पुन्हा वर ओतीत राहायचे. या कामात आठवडे जातात, हातांना कायमचा रंग चढतो. ही विद्या कोणत्या शाळेत शिकविली जात नव्हती. बापाकडून मुलाकडे येत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमच्या क्षारांनी चामडे कमावण्याची रीत परदेशात निघाली. १८९३ मध्ये अमेरिकेत तिची सोपी कृती बाहेर आली आणि आठवड्यांचे काम दिवसांवर आले. आपल्याकडे मद्रासेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या रीतीचे प्रयोग सुरू केले. आज बाजारातली पुष्कळशी पाकिटे क्रोमच्या चामड्याची असतात.

आणि नफा कोणाचा? पहिल्या महायुद्धाआधी आपली कच्ची कातडी जहाजे भरभरून बाहेर जात, त्यांतली बरीच जर्मनीला. आपला हिरडाही विलायतेतल्या चामड्याच्या कारखान्यांना जाई. कातडे आपले, हिरडा आपला. तयार माल मात्र साहेबाच्या दुकानातून परत विकत घ्यायचा. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मद्रासला चामड्याची केंद्रीय संशोधन संस्था उभी राहिली. पुढे १९७० नंतरच्या दशकात कच्च्या आणि अर्धवट कमावलेल्या कातड्यांच्या निर्यातीवर सरकारने बंधने घातली, तेव्हा कुठे शिवणकामाची मजुरी इथल्या हातांना अधिक मिळू लागली.

आता विकत घ्यायची गोष्ट. दुकानदार ‘अस्सल लेदर’ म्हणेल. आपण पाकिटाची कड बघावी. चामड्याची कड तंतुमय दिसते. रेक्झिनच्या कडेला खाली कापड आणि वर गुळगुळीत थर, असे दोन पदर दिसतात. हे थर घडीवर एक-दोन वर्षांत सोलतात. बोटाने दाबले तर चामड्यावर बारीक सुरकुत्या उमटतात आणि विरतात. सगळीकडे अगदी एकसारखी नक्षी असेल तर ती बहुधा छापलेली समजा. एखादा जुना ओरखडा, छिद्रांचा कमीजास्तपणा हा दोष नव्हे, जनावर जगले त्याची ती खूण आहे. पाठीकडचे कातडे घट्ट, पोटाकडचे सैल. शेळीचे पातळ पण चिवट, म्हणून पाकिटाला फार चांगले. चामड्याच्या तुकड्यांचा भुगा चिकटवूनही एक माल निघतो. नावात चामडे असले तरी तो घेऊ नये. आतले अस्तरही चाचपा, कारण पाकीट पुष्कळदा आतून आधी फाटते. कोपऱ्यावरचे टाके दुहेरी आहेत ना, तेही बघा.

मापाचेही पाहावे लागते. जुनी पाचशेची नोट १६७ मिलिमीटर लांब आणि ७३ रुंद होती. २०१६ ची नवी १५० आणि ६६. शंभराची जुनी नोट ७३ मिलिमीटर रुंद, २०१८ ची ६६. दोन्ही शंभराच्या नोटा वडीलधाऱ्यांच्या पाकिटात एकत्र असतात, म्हणून नोटांचा कप्पा आठ सेंटिमीटरांहून उथळ नको. मुलाला द्यायचे तर हिशेब निराळा. तो पैसे फोनवरून देतो. त्याला परवाना, आधार आणि बँकेचे कार्ड यांचे तीन-चार कप्पे असलेले लहान पाकीट बरे.

मुंबईत धारावीला चामड्याच्या वस्तूंची दुकाने आणि कारखाने शेजारी शेजारी आहेत. पण तालुक्याच्या गावी एखादा जुना चर्मकार असेल, तर त्याला आपले वापरातले पाकीट दाखवून तसे शिवून मागावे. तो कातड्याचा तुकडा पुढे ठेवील, तुम्ही निवडाल. भाव करताना त्याच्या कामाचे तास मोजा, नुसता तुकडा मोजू नका. देताना आत एक रुपया घालण्याची रीत अनेक घरांत आहे. रिकामे भांडे परत धाडू नये, तसेच हे. पावसात पाकीट भिजले तर उन्हात टाकू नका, चुलीजवळ तर नाहीच. नोटा काढून ते सावलीत उघडे ठेवा आणि वाळल्यावर खोबरेलाचे बोट अगदी पुसट फिरवा.