क्राफ्ट्समनच्या हमीवर भाष्य

अमेरिकेतल्या सिअर्स कंपनीने १९२७ मध्ये ‘क्राफ्ट्समन’ हे नाव नोंदवले आणि पुढे अनेक दशके त्या नावाच्या पान्यांना, पकडींना एकाच वाक्याची हमी दिली. शब्द अधूनमधून बदलले, गाभा राहिला. तो मराठीत मांडून एकेक तुकडा घेऊ.

‘क्राफ्ट्समनचे कोणतेही हातहत्यार’

मोटरवर चालणारी यंत्रे इथेच वगळली गेली. पिळाचा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्यालाही वेगळी, मुदतीची हमी असे.

‘पूर्ण समाधान देण्यात केव्हाही कमी पडले, तर’

सगळ्या वाक्याचे बळ या तुकड्यात आहे. इतर हमीपत्रांत ‘माल किंवा घडणीतला दोष’ अशी अट असते. मग पाना मोडला की पंचाईत सुरू होते: पोलाद कच्चे होते, की दांड्याला पाइप लावून ताकदीबाहेर जोर दिला? तुटलेल्या तोंडाकडे पाहून दुकानदार ठरवणार आणि गिऱ्हाईक गप्प बसणार. इथे निकाल गिऱ्हाइकाच्या हाती दिला आहे. ‘केव्हाही’मुळे खरेदीच्या तारखेचा प्रश्नच उरत नाही. ‘लाइफटाइम’ म्हणणाऱ्या जाहिरातदाराने नेमके कोणाचे आयुष्य धरले आहे ते सांगावे, असे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचे मार्गदर्शन आहे. हे वाक्य त्या घोळात शिरतच नाही. मला ते म्हणूनच फार प्रामाणिक वाटते.

‘ते परत आणा’

पावतीचा उल्लेख नाही. कोणी आणायचे, तेही सांगितलेले नाही. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने लेखी हमीवर ‘पूर्ण’ की ‘मर्यादित’ हे स्पष्ट लिहिणे बंधनकारक केले. ‘पूर्ण’ हमी मुदत असेपर्यंत वस्तूबरोबर पुढच्या मालकाकडे जाते. वडिलांचा सॉकेट संच मुलीकडे आला, तरी तिचा हक्क शाबूत.

‘फुकट बदलून मिळेल’

रॅचेट म्हणजे एकाच दिशेने पकड घेणारा पाना. त्याचे डोके उघडले की आत दातेरी चाक, त्यात अडकणारी खिटी आणि तिला रेटणारी स्प्रिंग दिसते. दाते झिजले की खिटी सुटते, दांडा रिकामा फिरतो आणि जोर लावणाऱ्याची बोटे शेजारच्या लोखंडावर आपटतात. असा रॅचेट परत नेला की काउंटरवर पुष्कळदा दुरुस्त केलेला दुसरा मिळे, किंवा आतले सुटे भाग हातात ठेवले जात. कामापुरते हे चालते. पण ‘बदलून’ म्हणजे कोरा नव्हे, एवढे आधी सांगायला हवे होते. माझ्या मते ही त्या हमीतली खरी उणीव आहे.

शिवाय बदलून देणार कोण, हे वाक्यात गृहीतच धरले आहे. २०१७ मध्ये हे नाव स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकर या हत्यारे बनवणाऱ्या कंपनीने विकत घेतले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सिअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. आजीवन हमी नव्या मालकाने चालू ठेवली. मात्र अमेरिकेत घडलेला जुना पाना दिला, तर तिथेच घडलेला परत मिळेल, असे या वाक्यात कुठेही म्हटलेले नाही. जुन्या घडणीची कदर असलेले कारागीर म्हणूनच झिजलेला रॅचेट बदलून घेण्याऐवजी जुने सुटे भाग शोधून घरीच दुरुस्त करतात.