पुठ्ठ्याची पेटी आणि एक लोहचुंबक

१/६ जून २०१४. गूगलच्या वार्षिक परिषदेत उपस्थितांना घडीची एक पुठ्ठ्याची पेटी देण्यात आली. तिच्या भिंगांमागे मोबाइल ठेवला की आभासी जग दिसे. पॅरिसमधील डेव्हिड कोझ आणि डेमियन हेन्री या अभियंत्यांची ही निर्मिती म्हणजे गूगल कार्डबोर्ड.

२/६ मोबाइलवरील खेळ बोटाच्या स्पर्शावर चालत. येथे तर पडदाच पेटीत बंद! मग खेळाडूने आज्ञा द्यायची कशी?

३/६ उत्तर लोहचुंबकात सापडले. पेटीच्या बाजूला बाहेरून चुंबकाची कडी, आतून दुसरे चुंबक. कडी ओढून सोडली की चुंबकीय क्षेत्र बदले आणि मोबाइलमधील होकायंत्राचा संवेदक तो बदल टिपे. ना तार, ना बॅटरी.

४/६ परंतु सर्वच मोबाइलांवर ही युक्ती चालेना. २०१५ च्या सुधारित आवृत्तीत चुंबक गेले. आता कळ दाबताच आतून पडद्याला स्पर्श होई.

५/६ डोक्याला बांधायचा पट्टा मात्र मुद्दामच दिला नव्हता. मान झटकन वळली आणि चित्र मागे पडले, तर मळमळते. पेटी हातांनी धरली की मानेसोबत धडही वळते आणि वेग मर्यादित राहतो. हात असे गुंतल्यामुळे नजर रोखणे आणि कळ दाबणे, एवढ्यावरच खेळ रचावे लागले.

६/६ २०१६ मध्ये गूगलच्याच डेड्रीमसोबत हातात धरायचा छोटा नियंत्रक आला. २०१९ मध्ये डेड्रीम थांबले, २०२१ मध्ये कार्डबोर्डची विक्रीही. चुंबक गेले ते मोबाइलच्या मर्यादेमुळे. पट्टा आलाच नाही तो मानवी शरीराच्या मर्यादेमुळे.