टीव्हीचं चित्र घरात येतं कुठल्या वाटेनं?

आज आपण टीव्हीबद्दल बोलणार आहोत. मालिकेत पुढे काय होणार ते मला माहीत नाही, पण ती मालिका आपल्या घरापर्यंत पोचते कशी, ते सांगणार आहे.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गटांच्या बैठकांत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, स्मार्ट टीव्ही घेतला, नेटचे पैसेही भरते, पण ऐन रंगात आलं की चित्र थांबतं आणि नुसतं चक्र गरगर फिरतं. टीव्हीतच दोष आहे का?" काही जणींनी त्या टीव्हीसाठी गटातून अंतर्गत कर्ज घेतलेलं असतं. म्हणजे चित्र अडकलं तरी हप्ता काही अडकत नाही. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

त्यासाठी थोडं मागं जाऊ. गेल्या पन्नासएक वर्षांत टीव्हीचं चित्र आपल्याकडे चार वाटांनी आलं. आधी हवेतून, मग तारेतून, मग आकाशातून ताटलीत आणि आता इंटरनेटमधून. पहिल्या तीन वाटांमध्ये एक गोष्ट सारखी होती. चौथ्या वाटेवर तीच बदलली, आणि सगळी गोम तिथंच आहे.

पहिली वाट : हवेतून

भारतात टीव्ही सुरू झाला १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. वरळीच्या उंच मनोऱ्यावरून लहरी सुटायच्या आणि घराच्या छपरावरचा अँटेना त्या पकडायचा. या लहरी बऱ्याचशा सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की पलीकडे सावली पडते. म्हणून तर पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, पुण्यासाठी सिंहगडावर केंद्र उभारावं लागलं. आपल्याकडेही मोकळ्या माळावरच्या गावात चित्र बरं दिसायचं आणि डोंगराआडच्या पाड्यावर नुसत्या मुंग्या. लांब बांबूला अँटेना बांधायचा, एकानं छपरावर चढून तो फिरवायचा आणि खालून सगळ्यांनी ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!" वयानं मोठ्या असलेल्या मैत्रिणींना हे आठवत असेल.

खेड्यासाठी टीव्ही हा विचारही तसा जुनाच आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर, अमेरिकेकडून वापरायला मिळालेल्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत कार्यक्रम दाखवले गेले. शेती, आरोग्य, शाळेचे पाठ असे विषय होते. गावात एक संच आणि त्यासमोर सगळं गाव. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण उपग्रहावरून चित्र थेट खेड्यात उतरवता येतं हे त्या वर्षात सिद्ध झालं.

पुढे १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आलं. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह आकाशात गेला आणि १९८४ मध्ये देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं भराभर उभी राहिली. १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं. वीज नसेल तिथं लोक काळापांढरा संच बॅटरीवर लावायचे. एका घरात टीव्ही आणि ओटीवर, अंगणात, खिडकीत माणसंच माणसं.

घराची गरज तेव्हा काय होती? संच, अँटेना आणि वीज. सुरुवातीच्या काळात संचाचा परवानाही लागायचा, त्याची फी भरावी लागायची. तो परवाना १९८० च्या दशकात रद्द झाला. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. मनोऱ्यावरून एकदा लहर सुटली की ती दहा घरांनी पकडली काय आणि दहा हजार घरांनी पकडली काय, कुणाचा वाटा कमी होत नव्हता. आत्ता हा रेडिओ तुम्ही ऐकताय, तसंच. शेजारणीनं रेडिओ लावला म्हणून तुमचा आवाज बारीक होत नाही.

दुसरी वाट : तारेतून, तिसरी : ताटलीतून

१९९१-९२ नंतर उपग्रहावरच्या खाजगी वाहिन्या आल्या. केबलवाला मोठ्या ताटल्यांनी त्या पकडायचा आणि तारेनं घरोघरी पोचवायचा. तार टाकायची तर घरं जवळजवळ हवीत. त्यामुळे केबल पसरली ती बाजारपेठेच्या गावांत. दोन-दोन किलोमीटरवर विखुरलेल्या पाड्यांपर्यंत तार ओढणं कुणाला परवडणार?

पाड्यांची अडचण छोट्या ताटलीनं सोडवली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत डिश सेवा सुरू झाली. आज आपण तिला फ्री डिश म्हणतो. डबा आणि ताटली एकदाच घ्यायची, पुढे महिन्याचं भाडं नाही. ताटलीचं तोंड आग्नेयेला आणि समोर आकाश मोकळं हवं, एवढी तिची अट. डोंगर, दरी, अंतर यांचा तिला अडथळा नाही. जोराच्या पावसात चित्र जातं हे खरं, आणि आपल्या सह्याद्रीच्या पायथ्याला जोराचा पाऊस काही नवा नाही. पण पाऊस ओसरला की चित्र परत येतं. आणि इथंही तेच. कितीही घरांनी ताटल्या लावल्या तरी कुणाचं चित्र अडकत नाही.

चौथी वाट : इंटरनेट

सर्वसामान्यांसाठी इंटरनेट भारतात आलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, टेलिफोनच्या तारेवरून. वेग इतका कमी, की एक फोटो उघडायलाही वाट पाहावी लागे. २००४ मध्ये सरकारनं 'ब्रॉडबँड' कशाला म्हणायचं ते ठरवलं. सेकंदाला किमान २५६ किलोबिट. २०१३ मध्ये ते ५१२ केलं. २०२३ मध्ये थेट २ मेगाबिट, म्हणजे चौपट. या आकड्यांत इतिहास दडलेला आहे. ५१२ किलोबिट म्हणजे अर्धा मेगाबिट, आणि साधं मोबाईलवर चालणारं चित्र अखंड पाहायचं तरी एक मेगाबिटच्या वर वेग लागतो. म्हणजे कागदावर ब्रॉडबँड असलं तरी बरीच वर्षं त्यावर मालिका धड चालेल याची हमी नव्हती.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओची ४जी सेवा सुरू झाली, नेट स्वस्त झालं आणि व्हिडिओ हातातल्या फोनवर आला. पण मोबाईलचा मनोरा वरळीच्या मनोऱ्यासारखा नाही. इथं प्रत्येक फोनला वेगळा प्रवाह द्यावा लागतो. तुम्ही मालिका पाहता, शेजारीण कीर्तन ऐकते, तिचा मुलगा क्रिकेट पाहतो. तिघांचे तीन प्रवाह आणि मनोऱ्याचा साठा एकच. रात्री आठ ते दहा सगळं गाव एकदम बसलं की प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं येतं. हाच तो बदल. पहिल्या तीन वाटा पावसासारख्या होत्या, सगळ्यांच्या अंगणात सारख्या पडणाऱ्या. चौथी वाट नळासारखी आहे.

हा फरक २०२० च्या टाळेबंदीत आपल्या मुलांनी भोगला. ऑनलाइन शाळेसाठी कुणी टेकडीवर चढलं, कुणी झाडावर. घरात तीन मुलं आणि फोन एक. त्याच वर्षी २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या अभ्यासावर 'टिलीमिली' ही मालिका दाखवायला सुरुवात झाली. ज्या घरात टीव्ही आणि ताटली होती, तिथं ती नेटपॅक नसताना, न अडकता दिसत होती. जुनी वाट लगेच मोडीत काढायची नसते, एवढं त्यातून शिकावं.

मोठा पाइप गावावरून जातो, पण...

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारनं देशातल्या ग्रामपंचायती काचेच्या तारेनं, म्हणजे फायबरनं, जोडायची योजना मंजूर केली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. मुळात ही तार तालुक्याच्या ठिकाणाहून ग्रामपंचायतीपर्यंत न्यायची होती. पंचायतीपासून आपल्या उंबऱ्यापर्यंतचं काम वेगळं.

शहापूरच्या बायकांना हे वेगळं समजवायला नको. तानसा धरण १८९२ मध्ये पुरं झालं. तेव्हापासून आपल्या भागातून मोठमोठ्या पाइपांनी मुंबईला पाणी जातं आहे. नंतर भातसाही झालं. पण पाइप गावाजवळून गेला म्हणून आपला हंडा भरत नाही. उन्हाळ्यात डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चालणाऱ्या बाईला विचारा. फायबरचंही तसंच. पंचायतीत तार आली म्हणजे घरात आली असं नाही. ती घरोघरी कधी, कोण आणि कितीला देणार, हे महिला ग्रामसभेत विचारायला हवं. आणि उत्तर नोंदवून घ्यायला हवं.

घराला किती वेग लागतो?

वेग मोजतात एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. मोबाईलवर साधं चित्र पाहायला एक ते दीड पुरतो. टीव्हीवर बऱ्यापैकी स्वच्छ, म्हणजे साधं एचडी, अडीच. पूर्ण एचडी पाच. मोठ्या पडद्यावरच्या ४केला वीस.

आता आपल्या घराचा हिशोब करा. टीव्हीवर पूर्ण एचडी ५, दोन फोनवर व्हिडिओ दीड-दीड म्हणजे ३, मुलीचा ऑनलाइन वर्ग २. झाले १०. थोडा वर ठेवला तर १५ ते २० मध्ये घर आरामात चालतं. दुकानदारानं १०० ची योजना गळ्यात मारली तर हा हिशोब त्याच्यापुढे मांडा.

बिट आणि बाइट यांत गल्लत करू नका. शेर आणि पायली वेगळी, तसं हे. ८ बिट म्हणजे १ बाइट. वेग बिटमध्ये सांगतात आणि पॅक बाइटमध्ये विकतात. ५ एमबीपीएसनं तासभर पाहिलं तर सव्वादोन जीबी संपतात. म्हणजे रोजचा दीड जीबीचा पॅक चाळीस मिनिटांत खलास. तेच चित्र ४८० वर ठेवलं तर तासाला साधारण अर्धा जीबी जातो आणि तो पॅक तीन तास पुरतो. मालिकेतल्या सासूचा राग ४८० मध्येही स्पष्ट दिसतो.

आणि चक्र का फिरतं?

टीव्ही पुढची काही सेकंदं आधीच भरून ठेवतो, जसा आपण नळाखाली हंडा ठेवतो. नळाची धार बारीक आणि वापर जास्त झाला की हंडा रिकामा होतो. तेव्हा टीव्ही थांबून पुन्हा भरतो. तेच ते चक्र.

आता पाहायचं, धार बारीक कुठं होते. ट्रायचं 'माय स्पीड' नावाचं मोफत ॲप आहे. त्यानं वेग मोजा. आधी राउटरजवळ उभं राहून, मग टीव्हीजवळ. एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊला. वहीत लिहून ठेवा. राउटरजवळच वेग कमी आला तर दोष बाहेरच्या लाइनचा. आकडे दाखवून तक्रार करा. राउटरजवळ २० आणि टीव्हीजवळ ३ आला तर दोष घरातला आहे.

घरातल्या दोषाला उपाय सोपे आहेत. राउटर लोखंडी कपाटात, पत्र्याआड किंवा टीव्हीच्या मागं ठेवू नका. घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवा. दगडी भिंत आणि पत्रा वायफायला फार अडवतात. राउटरला दोन नावं दिसत असतील तर ५ लिहिलेलं जवळच्या टीव्हीसाठी आणि २.४ वालं लांबच्या खोलीसाठी. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ तार. आणि वीज गेली की फायबरचा डबाही बंद पडतो, म्हणून त्याच्यापुरता छोटा बॅकअप असला तर मुलीचा वर्ग सुटत नाही.

कर्ज मागण्याआधी

गटात स्मार्ट टीव्हीचं कर्ज मागितलं गेलं, तर नाही म्हणू नका. दिवसभर राबणाऱ्या बाईला तासभर करमणूक हवीच. फक्त तीन प्रश्न विचारा. घरी नेट कुठून येणार, फायबर की मोबाईल? रात्री नऊला तिथं वेग किती मोजला? आणि हप्ता अधिक महिन्याचं नेटचं बिल अशी बेरीज किती होते? टीव्हीची किंमत एकदाची असते, नेटचं बिल कायमचं. रोजच्या मालिका फ्री डिशवर मिळत असतील तर त्या तिथं पाहा आणि नेट मुलांच्या अभ्यासाला, गटाच्या हिशोबाला, मालाच्या विक्रीला राखून ठेवा. घरात दोन वाटा असल्या तर कुठल्या कामाला कुठली वापरायची, ते आपण ठरवायचं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या घरातले चार आकडे वहीत लिहून आणा. सगळ्यांच्या वह्या एकत्र केल्या की आपल्या गावाचा खरा वेग कळेल, आणि तोच कागद महिला ग्रामसभेत ठेवता येईल.