बंदीवान पालकांची मुले व कला

आई किंवा वडील कारागृहात असलेल्या मुलांच्या मनातील भीती, राग, लाज आणि ओढ यांना चित्र, मातीकाम, गाणे वा नाट्य यांतून वाट करून देण्याचे काम. प्रशिक्षित कलोपचारक ते करतो तेव्हा तो उपचार असतो; शिक्षिका, अंगणवाडी सेविका किंवा आजी करते तेव्हा ती सोबत असते. दोहोंची गल्लत करू नये. पण सोबतीला कमीही लेखू नये.

उदाहरणार्थ, बार्शीटाकळी (जि. अकोला) हे तालुक्याचे गाव. इथला माणूस कच्चा कैदी झाला की साधारणतः अकोल्याच्या जिल्हा कारागृहात जातो. मोठी शिक्षा लागली तर अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात. घरी लेकराला ‘बाबा कामाले गेले’ असे सांगतात. वर्गात मात्र खरी बातमी त्याच्या आधी पोचलेली असते. घरात कोणी गेले तर चार माणसे सांत्वनाला येतात. तुरुंगात गेलेल्याच्या दारी कोणी फिरकत नाही. मुलाचे दुःख बिनबोलाचे राहते, आणि कलेचे खरे काम तिथेच सुरू होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या आर. डी. उपाध्याय खटल्यातील निकालानुसार सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ कारागृहात राहू शकते. त्याच्यासाठी पाळणाघर व बालवाडीची सोय अपेक्षित आहे. बाहेर उरलेल्यांच्या वाट्याला येते ती मुलाखत, बहुधा जाळीपलीकडून किंवा काचेआडून. महाराष्ट्रातील कारागृहांत झालेल्या ‘गळाभेट’ उपक्रमाने ही जाळी काही वेळापुरती दूर केली. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प (1990, मुंबई) आणि अमरावतीची ‘वऱ्हाड’ ही संस्था बंद्यांसोबत त्यांच्या कुटुंबांसाठीही काम करतात. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर खुल्या वसाहतीत तर बंदी कुटुंबासह राहू शकतात; औंध संस्थानातला हा प्रयोग 1939 चा.

या कलाकामाचे साहित्य शोधायला दूर जावे लागत नाही. पोळ्याच्या आधी काळ्या मातीचे बैल घडवणारे पोर आपल्या रागाला हात देते: शिंग मोडते, पुन्हा बसवते, बिघडला तर बैलाचा गोळा करून नव्याने सुरुवात करते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंतच्या भुलाबाईच्या गाण्यांत सासर, माहेर आणि दूरच्या माणसाची वाट आहेच. कोणाचे नाव न घेता घोळक्यात ती गाणी म्हणणे ही आधाराची गोष्ट आहे.

मुलांना कलेची अशी सोबत बंदिवासातही मिळाली आहे. तेरेझिनच्या नाझी छळछावणीत फ्रीडल डिकर-ब्रान्डाइस यांनी 1942 ते 1944 या काळात मुलांना चित्रकला शिकवली. चित्रावर मुलाने स्वतःचे नाव घालावे हा त्यांचा आग्रह असे. त्यांच्या शिष्या ईडिथ क्रेमर पुढे अमेरिकेत कलोपचाराच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक ठरल्या.

चित्राचा अर्थ परस्पर लावणे हा या कामातला सर्वांत मोठा धोका. काळा रंग म्हणजे खिन्नता, चित्रात बाप नाही म्हणजे तिरस्कार, असली कोष्टके टाकून द्यावीत. ‘हे कोण आहे? सांगशील?’ एवढे विचारावे, आणि मूल गप्प राहिले तर तेही चालावे. चित्र भिंतीवर लावायचे की वहीत ठेवायचे, हे मुलानेच ठरवावे. कारागृहात पाठवलेली पत्रे व चित्रे तपासून मगच बंद्याच्या हाती पडतात. बाबांच्या आधी ते आणखी कोणी पाहील, हे मुलाला रंगपेटी उघडण्यापूर्वीच सांगावे.