लेख उरतो, वाचणारा हरवतो : उच्च विभेदनाच्या ध्वनितबकड्या आणि घरचा संगणक

वाराणसीत दशाश्वमेध घाटाच्या दक्षिणेला राजा घाट आहे. पूर्वी त्याला अमृतराव घाट म्हणत. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे इंग्रजांशी 1803 साली समझोता झाल्यावर वार्षिक सात लाख रुपयांच्या नेमणुकीवर उत्तरेत स्थिरावले. काशीतील या दगडी पायऱ्यांशी त्यांचे नाव जोडले गेले ते तेव्हापासून. 1824 साली अमृतराव वारले, त्या सुमारास याच शहरातील टांकसाळीत जेम्स प्रिन्सेप नावाचा तरुण अधिकारी काम करीत होता. 1820 ते 1830 या काळात त्याने काशीचा नकाशा तयार केला, घाटांची आणि मंदिरांची चित्रे काढली. ती चित्रे आजही कोणीही पाहू शकतो; त्यासाठी डोळ्यांखेरीज दुसरे साधन लागत नाही.

याच प्रिन्सेपने पुढे 1837 साली ब्राह्मी लिपी उलगडली. अशोकाचे लेख दगडावर होते, शाबूत होते, सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने अशोकाचे स्तंभ दिल्लीला आणवले, तेव्हा जमवलेल्या पंडितांपैकी एकालाही ते वाचता आले नाहीत. लेख टिकला होता, वाचण्याची विद्या हरवली होती. नोंद आणि वाचक यांची अशी ताटातूट व्हायला दगडाच्या बाबतीत अनेक शतके लागली. ध्वनीच्या बाबतीत आधुनिक तंत्रज्ञानाने ती जेमतेम दहा-पंधरा वर्षांत घडवून आणली.

राजा घाटावरून नदीच्या काठाकाठाने उत्तरेकडे गेले की पंचगंगेच्या परिसरात बालाजीचे मंदिर लागते. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी तेथे वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला. सनईचा स्वर म्हणजे एकच कंपन नव्हे. मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा अनेक उपस्वरांची रास तिच्यात असते, आणि सनईचे सनईपण त्या राशीत असते. उपस्वर छाटले की स्वर ओळखू येतो, वाद्य ओळखू येईनासे होते. ध्वनिमुद्रणाचा सारा इतिहास ही रास किती वरपर्यंत टिपता येते, या प्रश्नाभोवती फिरतो.

त्या इतिहासातला एक कच्चा माल काशीच्या शेजारचाच होता. गंगेच्या वरच्या अंगाला असलेले मिर्झापूर हे लाखेच्या उद्योगाचे मोठे केंद्र होते. लाख, खनिजांची भुकटी आणि काजळी यांच्या मिश्रणातून 78 फेऱ्यांच्या तबकड्या घडत. 1902 साली फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात आला आणि भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाला आरंभ झाला. 1925 च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण येईपर्यंत कर्ण्यातून आलेल्या हवेच्या दाबानेच सुई हलत असे. उंच वारंवारता त्यात जवळजवळ उमटतच नसत. तरीही या तबकडीचा एक गुण वादातीत होता. खाच हीच ध्वनिलहर होती. सुई टेकवा, तबकडी फिरवा, आवाज येतो. मुंबईत 1990 साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली; टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील भौतिकशास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर यांनी तिच्या कार्याची धुरा दीर्घकाळ वाहिली. असे संग्राहक शंभर वर्षांपूर्वीचे गाणे घरच्या संगणकावर उतरवू शकतात, ते याच गुणामुळे. त्यासाठी तबकडी काढणाऱ्या कंपनीची परवानगी सुईला लागत नाही.

1982 साली सीडी आली आणि लहरीची जागा अंकांनी घेतली. लहरीची उंची सेकंदाला 44,100 वेळा मोजायची आणि प्रत्येक माप 16 बिटांत लिहायचे, अशी ही रीत. नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या सिद्धांतानुसार नमुन्यांच्या दराच्या निम्म्यापर्यंतची, म्हणजे 22.05 किलोहर्ट्झपर्यंतची वारंवारता यात नेमकी सामावते. निरोगी तरुण कानाची मर्यादा साधारण 20 किलोहर्ट्झ आहे. 44,100 हा आकडाही व्यवहारातून आला. सुरुवातीचे अंकीय ध्वनिमुद्रण व्हिडिओच्या फितीवर होई, आणि दर ओळीला 3 नमुने, 245 ओळी, सेकंदाला 60 क्षेत्रे यांचा गुणाकार 44,100 होतो. सोळा बिटांमुळे सर्वांत मंद आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे 96 डेसिबलचे अंतर मिळते.

एवढ्यावर समाधान झाले नाही. 1999 साली सोनी आणि फिलिप्स यांनी सुपर ऑडिओ सीडी आणली, 2000 साली डीव्हीडी-ऑडिओ आली. डीव्हीडी-ऑडिओने जुनीच वाट रुंद केली: दोन वाहिन्यांसाठी 24 बिट आणि सेकंदाला 1,92,000 नमुन्यांपर्यंत मजल. सुपर ऑडिओ सीडीने वाटच बदलली. तिच्यात प्रत्येक नमुना एकाच बिटाचा, पण सेकंदाला 28,22,400 नमुने, म्हणजे सीडीच्या दराच्या 64 पट. एका बिटाने मापन अतिशय ओबडधोबड होते; पण त्यातून उद्भवणारा गोंगाट गणिती युक्तीने 20 किलोहर्ट्झच्या वर ढकलला जातो, आणि ऐकू येणारा पट्टा स्वच्छ राहतो. या पद्धतीला डायरेक्ट स्ट्रीम डिजिटल, संक्षेपाने डीएसडी, असे नाव मिळाले.

आता ही तबकडी घरच्या संगणकात घातली तर काय होई? सीडीवरील खुणा 780 नॅनोमीटरच्या लेसरने वाचतात आणि तिच्या दोन वाटांमध्ये 1.6 मायक्रोमीटर अंतर असते. सुपर ऑडिओ सीडीच्या दाट थराला डीव्हीडीप्रमाणेच 650 नॅनोमीटरचा लेसर लागतो आणि वाटांमधील अंतर 0.74 मायक्रोमीटर असते. संगणकातल्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये तोच लेसर होता. प्रकाशशास्त्राची अडचण अशी नव्हतीच. अडचण कुलपाची होती. दाट थरावरील माहिती कूटबद्ध होती, आणि ती उलगडण्याची किल्ली तबकडीवरच्या खुणांच्या घडणीत अशा रीतीने लपवलेली होती की साध्या ड्राइव्हला ती दिसू नये. अनेक तबकड्या दुहेरी थराच्या होत्या. संगणक त्यांतला फक्त सीडीचा थर वाचून वाजवी. उच्च विभेदनाची तबकडी विकत घेतलेला श्रोता सीडीच ऐकत असे, आणि पुष्कळदा त्याला त्याचा पत्ताही नसे.

डीव्हीडी-ऑडिओचे दार किंचित उघडे होते. क्रिएटिव्ह कंपनीचे 2002 सालचे साउंड ब्लास्टर ऑडिजी 2 हे ध्वनिकार्ड योग्य सॉफ्टवेअरच्या जोडीने ती वाजवू शके. परंतु अनेक संगणकांची ध्वनिप्रणाली हाती आलेले नमुने गुपचूप 48 किलोहर्ट्झवर आणून ठेवी, आणि सारा खटाटोप शेवटच्या पायरीवर वाया जाई. सुपर ऑडिओ सीडीचे कुलूप निघाले ते अनपेक्षित जागी. 2006 साली आलेल्या प्लेस्टेशन 3 या खेळयंत्राच्या आरंभीच्या आवृत्त्यांना ही तबकडी वाचता येई. नंतरच्या आवृत्त्यांतून ती सोय काढून टाकण्यात आली. 2011 च्या सुमारास हौशी तंत्रज्ञांनी जुन्या यंत्रांच्या साहाय्याने दाट थराची प्रत संगणकावर उतरवण्याची युक्ती शोधली. तोवर बाजाराने दोन्ही तबकड्यांकडे बहुतांशी पाठ फिरवली होती.

एवढ्या धडपडीने हाती आलेला ध्वनी खरोखर वेगळा ऐकू येतो का? 2007 साली मेयर आणि मोरान यांनी उच्च विभेदनाचा ध्वनी कधी थेट, तर कधी 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झच्या गाळणीतून ऐकवला. 554 चाचण्यांपैकी 276 वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवूनही एवढेच आले असते. 2016 साली जोशुआ राइस यांनी 18 प्रयोगांतील 12,500 हून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण 52.3 टक्के निघाले: फरक अगदी बारीक, पण निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येऊ नये इतका. मेयर-मोरान यांचे एक निरीक्षण अधिक मोलाचे आहे. या तबकड्या पुष्कळदा सरस वाटत, आणि त्याचे श्रेय बिटांच्या संख्येपेक्षा ध्वनिमुद्रणावर व संस्करणावर घेतलेल्या मेहनतीला जाते, असे त्यांना आढळले.

म्हणून खरा प्रश्न कानाचा नव्हे, जतनाचा आहे. ऐकणाऱ्याला सीडीचे मापन बहुधा पुरते. जतन करणाऱ्याला ते पुरत नाही, कारण पुढे खरखर काढताना, वेग सुधारताना, उपस्वरांचा अभ्यास करताना हाताशी मोकळी जागा लागते. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जुन्या मुद्रणांच्या जतनासाठी 24 बिट आणि 96 किलोहर्ट्झची शिफारस केली आहे, ती याच हिशेबाने. त्याच शिफारशींचा भर उघड, सर्वज्ञात फाइलरचनेवरही आहे. डीएसडीलाही पुढे अशी उघडी वाट मिळाली: त्याचे 16-16 बिट 24 बिटांच्या नेहमीच्या चौकटीत भरायचे, उरलेल्या 8 बिटांत ओळखीची खूण ठेवायची. 28,22,400 भागिले 16 म्हणजे 1,76,400. या दराने साध्या यूएसबी तारेतून तोच प्रवाह सुखरूप जातो. 2001 साली आलेली, मूळ माहितीतला एकही बिट न गमावणारी फ्लॅक ही मुक्त पद्धत डिसेंबर 2024 मध्ये इंटरनेटचे अधिकृत मानक म्हणून प्रसिद्ध झाली. ते मानक वाचून कोणताही विद्यार्थी नवा वाचक घडवू शकतो.

1904-05 च्या उत्खननात काशीजवळ सारनाथ येथे अशोकाचा स्तंभलेख सापडला, तेव्हा तो वाचण्यासाठी कोणालाही अडून राहावे लागले नाही. दगड तोच होता, काळही तितकाच लोटला होता; पण मधल्या काळात प्रिन्सेपने लिपीची किल्ली सर्वांच्या स्वाधीन केली होती. आज घरोघरी संगणकात साठणाऱ्या सनईला, भजनाला, आजीच्या ओव्यांना हाच नियम लागू आहे. किती बिटांत मुद्रण केले, हा प्रश्न दुसरा. ते वाचण्याची किल्ली कोणाच्या हाती आहे, हा पहिला.